धरणाखालची वाडी सोडायला नकार: पोलीस उचलून नेऊ शकतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाडीच्या डोक्यावर लघु पाटबंधाऱ्याचं मातीचं धरण आहे. भरावाच्या (धरणाच्या मातीच्या बांधाच्या) पायथ्याशी पाझर वाढलाय आणि तहसीलदारांनी वाडी खाली करायला सांगितली आहे. चार घरं हलायला तयार नाहीत. पोलीस त्यांना जबरदस्तीने नेऊ शकतात का, आणि न जाणं हा गुन्हा आहे का?

दोन्हींचं उत्तर हो. पण कोकणातल्या धरणाखालच्या वाडीत हा अधिकार सगळ्यात शेवटी हाताशी येतो आणि त्याच्यावर विसंबून राहिलं तर माणसं जातात. आधी कायदा सांगतो, मग असं का म्हणतो ते.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 मध्ये ‘नकार देणाऱ्याला घरातून बाहेर काढा’ असं सरळ वाक्य शोधू नका, ते नाही. अधिकार जोडून घ्यावा लागतो. कलम 34 प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण धोक्याच्या क्षेत्रात माणसांच्या येण्याजाण्यावर आणि आतल्या वावरावर बंधन घालू शकतं आणि परिस्थितीला लागतील ती इतर पावलं उचलू शकतं. प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. रात्री बैठक बोलावायची गरज नसते. कलम 26 प्रमाणे तातडीच्या वेळी अध्यक्ष एकटे हे अधिकार वापरतात आणि मंजुरी मागाहून घेतात. आदेश धुडकावला तर कलम 51 लागतं: एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि त्या नकारामुळे जीव गेला किंवा जायची वेळ आली तर दोन वर्षांपर्यंत. त्या कलमात ‘वाजवी कारणाशिवाय’ असे शब्द आहेत, ते विसरू नका. घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी असेल आणि प्रशासनाने गाडी दिलीच नसेल, तर न निघण्याला वाजवी कारण आहे.

इथेच एक अडचण असते आणि ती ऐन वेळी लक्षात येते. कलम 51 ची शिक्षा तीन वर्षांच्या आतली, म्हणून तो अदखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. नुसत्या त्याच्या जोरावर पोलीस हात लावायला कचरतात, आणि त्यांचं चुकत नाही. म्हणून सोबतच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 चा तातडीचा मनाई आदेश काढून घ्यावा (जुनं 144). तो मोडणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 223, आणि ते दखलपात्र आहे. जीवाला धोका होत असेल तर एक वर्षापर्यंत कैद. आता पोलिसांना पुढचं दार उघडतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 168 दखलपात्र गुन्हा होण्याआधी रोखायला सांगतं, आणि त्यासाठी दिलेली कायदेशीर सूचना जो ऐकत नाही त्याला ताब्यात घ्यायचा किंवा तिथून हलवायचा अधिकार कलम 172 देतं. मग त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे न्यायचं किंवा किरकोळ बाब असेल तर 24 तासांच्या आत सोडायचं. हे 172 जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हतं, 1 जुलै 2024 पासून आलं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमातली 68 आणि 69 ही कलमं मात्र त्याच अर्थाची आणि जुनी आहेत.

आदेश लेखी हवा आणि त्यात वाडीचं नाव, हद्द (कुठल्या वहाळापासून कुठल्या रस्त्यापर्यंत), किती वाजेपर्यंत निघायचं, कुठल्या वाटेने आणि कुठे, एवढं तरी हवं. ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ हा आदेश नव्हे. दरवर्षी जूनमध्ये दरडीच्या आणि पुराच्या भीतीने जी छापील नोटीस दारावर चिकटवतात तीही या कामाला पुरत नाही. उलट दरवर्षी तोच कागद पाहून लोकांची नजर मेली आहे, आणि खरा आदेश आला तरी तो त्याच गठ्ठ्यात जातो.

खटल्याचा धाक फार धरू नका. 223 साठी संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार असल्याशिवाय न्यायालय दखल घेत नाही, 51 साठी आपत्ती अधिनियमाच्या कलम 60 प्रमाणे प्राधिकरणाची किंवा सरकारची तक्रार लागते, नाहीतर आधी तीस दिवसांची नोटीस दिलेल्या माणसाची. हे सगळं नंतरचं. आज रात्रीचा जीव त्याने वाचत नाही.

आता वेळेचं गणित. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या, आणि बहुतेक लघु धरणांच्या सांडव्याला (जादा पाणी वाहून जायच्या वाटेला) दरवाजेच नाहीत. कोयनेसारख्या धरणातून सोडायचं पाणी दरवाज्यांनी कमीजास्त करता येतं आणि खालच्यांना आधी कळवता येतं. इथे पाणी ‘सोडत’ कोणी नाही. तलाव भरला की सांडवा वाहतो, आणि भराव गेला की सगळं एकदम येतं. भरावापासून वाडी अर्धा किलोमीटर असेल आणि लोंढा सेकंदाला चार मीटरने आला तर दोन मिनिटं मिळतात. एका हट्टी धडधाकट माणसाला सुरक्षित उचलायला चार जण लागतात आणि घरागणिक पंधरा-वीस मिनिटं जातात. चिपळूण तालुक्यात तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं तेव्हा खालच्या भेंदवाडीतली वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी आधीच झाल्या होत्या. म्हणून उचलायची वेळ ही पाझर गढूळ होण्याच्या आधीची, उजेडातली.

पाझर कसा पाहायचा ते वाडीतल्या दोघा-तिघांना पक्कं ठाऊक असावं. स्वच्छ पाणी एका मापाने येत असेल तर नोंद ठेवा आणि शाखा अभियंत्यांना कळवा. पाणी वाढतंय आणि गढूळ होतंय, म्हणजे भरावाच्या पोटातली माती वाहून चालली आहे. आत पडलेली नळीसारखी वाट रुंदावत जाते आणि मग ती थांबत नाही. भरावाच्या माथ्यावर लांबीच्या दिशेने भेग, उतारावर ओला पट्टा सरकत जाणं, तलावात भरावाजवळ भोवरा, सांडव्यात झाड अडकून पाणी माथ्याकडे चढणं: यातलं काहीही दिसलं की आदेशाची वाट न पाहता वाडी रिकामी करा. कळवायला जिल्हा नियंत्रण कक्ष 1077, पोलीस 112. खोटी हूल उठवणं आपत्ती अधिनियमाच्या कलम 54 प्रमाणे गुन्हा आहे, पण जे डोळ्यांनी दिसलं ते कळवायला घाबरू नका.

‘नाही’ म्हणणारी घरं बहुतेक वेळा एकाच कारणाने अडलेली असतात, आणि ते कारण धरण नसतं. सगळ्यात मोठं कारण गुरं. जुलैत लावणी चालू, बैल आणि दुभती म्हैस गोठ्यात, आणि बाई म्हणते की मी गेले तर धार कोण काढणार. याला उत्तर कलमात नाही. दुपारीच गुरं सड्यावर (वरच्या कातळाच्या माळावर) किंवा वरच्या वाडीच्या गोठ्यात न्या, पेंढा आणि एक माणूस तिथे द्या. शेवटच्या क्षणी काही जमलं नाही तर दावी सोडा. सुटी गुरं बऱ्याचदा स्वतः वर चढतात, बांधलेली मात्र हमखास मरतात.

दुसरं कारण म्हातारं माणूस. त्याला जीपपर्यंत आणायची सोय आधी करा: प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले की डोली होते, चार जण पुरतात. गोळ्या सात दिवसांच्या. गाडी मिळत नसेल तर आपत्ती अधिनियमाच्या कलम 65 खाली प्रशासन खासगी वाहन अधिग्रहित करू शकतं आणि 66 प्रमाणे त्याचा मोबदला देतं. तिसरं कारण चोरीची भीती. वाडीच्या तोंडाशी दोन पोलीस आणि गावातले चार तरुण पाळीने बसवून दाखवले की निम्मा विरोध मावळतो. मुंबईला असलेल्या मुलाला फोन लावून द्या. घरातला म्हातारा प्रांतांचं ऐकत नाही, मुलाचं ऐकतो. गावकर, पोलीस पाटील आणि देवळाचे मानकरी एकत्र दारात उभे राहिले तर गणवेश लागतही नाही. महिला पोलीस मात्र हवीच, घरात शिरायची वेळ आली तर.

निवारा निवडताना नदीपासून लांब एवढंच पाहू नका, उंची पाहा, आणि वर कापलेली दरड नाही ना तेही. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली ती अशाच पावसात. पाण्यापासून वाचवून माणसं डोंगराच्या कुशीत नेणं म्हणजे एका मरणातून दुसऱ्यात.

पोलिसांचं खरं काम माणसं निघाल्यावर सुरू होतं, आणि इथे त्यांचा अधिकार अगदी निर्विवाद आहे: परत जाऊ न देणं. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडतो, लोक म्हणतात काहीच झालं नाही, आणि घरं पुन्हा भरतात. भराव तर अजून तसाच भिजलेला असतो. विमोचकाचं (तलावातलं पाणी बाहेर सोडायच्या मोरीचं) तोंड लहान, त्यामुळे तलाव उतरवायला किंवा सांडवा कापायला दिवस लागतात. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या व्हेली ब्रिज गावात 1 ऑगस्ट 2019 ला टॉडब्रुक धरणाचा सांडवा खचला तेव्हा सुमारे 1500 लोकांना हलवलं. तिथेही काही जण घर सोडायला तयार नव्हते. पाणी पंपांनी उपसून लोकांना घरी सोडायला जवळपास आठवडा लागला. मधल्या काळात घरटी एका माणसाला पंधरा मिनिटं आत सोडलं, जनावरं आणि औषधं आणायला. ही पद्धत आपल्याकडेही चालेल, पण भरावावर अभियंता उभा असताना, दिवसा, नाव लिहून, आणि शिट्टी झाली की बाहेर.

‘आमच्या जबाबदारीवर राहतो’ असं लिहून घ्यायची सवय आहे. तो कागद कोणालाही कर्तव्यातून सोडवत नाही. तरी लिहून घ्याच, पण निराळ्या कारणाने: कोण, किती जण, घराच्या कुठल्या भागात झोपतात, बाहेरच्या नातेवाइकाचा नंबर. शोधणाऱ्यांना तीच यादी लागते. आणि लहान मुलांच्या बाबतीत पालकांचा नकार शेवटचा मानू नका. मुलं आधी शाळेत किंवा वरच्या वाडीत हलवा, आईबाप पाठोपाठ येतातच.

तुमच्या चार घरांसाठी क्रम असा ठेवा. आत्ता पोलीस पाटलांकडून घरटी माणसं-गुरं लिहून घ्या आणि तहसीलदारांमार्फत 34 आणि 163 चे दोन्ही आदेश मागवा. तीन वाजेपर्यंत गुरं वर. पाचपर्यंत म्हातारी माणसं आणि मुलं. सहाला चार घरांत चौघांची एक तुकडी, महिला पोलिसासह, आणि तेव्हाही नाही म्हणाले तर 172. निघताना गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचा मुख्य स्विच बंद. रेशनकार्ड, आधार आणि सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत. अंधार पडल्यावर वाडीत कोणी नाही, फक्त भरावाकडे टॉर्च लावून बसलेले दोघे, तेही भरावाच्या एका टोकाला, उंचावर.