डेबियन 12 वर ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड दिसतं, पण चालत नाही. आता काय?

तुम्ही लिहिलंय की डेबियन 12 (लिनक्सची एक आवृत्ती) टाकलेल्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉम बीसीएम43142 हे वायफाय कार्ड आहे, वायफायचं चिन्हच उमटत नाही, आणि 'डेबियन 12 मध्ये फर्मवेअर आपोआप येतं ना?' घोळ इथेच आहे. फर्मवेअर वेगळं आणि ड्रायव्हर वेगळा.

फर्मवेअर चालतं कार्डातल्या चिपवर, ड्रायव्हर चालतो कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात. इंटेलच्या कार्डांचा आयडब्ल्यूएलवायफाय हा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून असतो, कमी असते ती फक्त फर्मवेअरची फाइल. 2023 साली आलेल्या डेबियन 12 पासून अशा फाइली इन्स्टॉलरमध्येच मिळू लागल्या आणि त्या लोकांची कटकट मिटली. तुमच्या चिपसाठी कर्नलमध्ये चालेल असा ड्रायव्हरच नाही. तिला ब्रॉडकॉमचा 'डब्ल्यूएल' नावाचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो. तो डेबियनच्या पॅकेजांच्या 'नॉन-फ्री' विभागात आहे, आणि डेबियन 12 मध्ये मुळात चालू असतात ते 'मेन' आणि 'नॉन-फ्री-फर्मवेअर'. नावं जवळपास सारखी असल्यामुळे भलेभले इथे फसतात.

आधी खात्री करा. (कमांड्स मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरं.) 'एलएसपीसीआय' ला 'एनएनके' हा पर्याय जोडून चालवा. कार्डाच्या ओळीत चौकटी कंसात 14ई4:4365 असा क्रमांक दिसला, तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे. खाली वापरातला ड्रायव्हर म्हणून 'बीसीएमए' काहीतरी दिसलं तर हुरळून जाऊ नका. तो फक्त चिपच्या अंतर्गत बसचा ड्रायव्हर, वायफायशी त्याचा थेट संबंध नाही. क्रमांक वेगळा असेल तर थांबा आणि तो इथे कळवा. ब्रॉडकॉमच्या चिपा एका माळेचे मणी नाहीत, जुन्यातल्या काही 'बी43' या दुसऱ्या ड्रायव्हरवर चालतात.

इंटरनेटसाठी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुधा काही न करता चालतं. मग 'सोर्सेस.लिस्ट' फाइलमधल्या डेबियनच्या ओळींच्या शेवटी 'कॉन्ट्रिब' आणि 'नॉन-फ्री' हे शब्द जोडा, 'एपीटी अपडेट' ही कमांड चालवून पॅकेजांची यादी ताजी करा, आणि दोन पॅकेजं टाका: 'लिनक्स-हेडर्स-एएमडी64' आणि 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस'. हेडर्स विसरू नका. डीकेएमएस हा ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर, तुमच्याच कर्नलसाठी बांधतो. हेडर्स नसतील तर बांधणार कशावर? आड येणारे जुने ड्रायव्हर हे पॅकेज स्वतःच बाजूला ठेवतं. रीस्टार्ट करा.

सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी मशीनची सोय) बंद असेल तर काम इथेच झालं. चालू असेल तर 'मॉडप्रोब डब्ल्यूएल' या कमांडने ड्रायव्हर चढवायला गेल्यावर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' अशा अर्थाची ओळ येईल. म्हणजे ड्रायव्हर नीट बांधला गेलाय, त्यावर सहीही आहे, पण ती सही तुमचं मशीन ओळखत नाही. ओळख करून द्यायची ती अशी: 'मॉकयूटिल' ला 'इम्पोर्ट' पर्याय देऊन व्हार, लिब, डीकेएमएस या फोल्डरातली 'मॉक.पब' फाइल द्या. तो एक तात्पुरता पासवर्ड विचारेल. साधी अक्षरं ठेवा, कारण पुढच्या स्क्रीनवर कीबोर्डचा लेआउट अमेरिकन असतो. रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येते आणि जेमतेम दहा सेकंद थांबते. तेवढ्यात कुठलंही बटण दाबून 'एनरोल मॉक' निवडायचं. मी पहिल्यांदा तेव्हा फोनमध्ये डोकं घालून बसलो होतो. स्क्रीन आली नि गेली, मला पत्ताच नाही, आणि पुढचे दोन तास मी ड्रायव्हर काढून परत टाकत बसलो. हुकलंच तर इम्पोर्ट पुन्हा करावं लागतं. सिक्युअर बूट सरळ बंद करायलाही माझी हरकत नाही, पण शेजारी विंडोज असेल आणि तिची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर आधी रिकव्हरी की हाताशी ठेवा.

एवढं करूनही नेटवर्क दिसत नसेल तर 'आरएफकिल लिस्ट' ही कमांड चालवून वायफाय कुठे अडवलंय का ते बघा. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल तर लॅपटॉपच्या कडेचा स्विच किंवा विमानाचं चित्र असलेलं बटण तपासा, सॉफ्टवेअरने ते उघडत नाही. आणि घरचं 5 गिगाहर्ट्झचं नेटवर्क शोधत बसू नका. ही चिप फक्त 2.4 वर चालते.

आता न विचारलेलं. लॅपटॉप अजून काही वर्षं वापरणार असाल तर मी कार्डच बदलेन. 'डब्ल्यूएल' ची ब्रॉडकॉमकडची शेवटची आवृत्ती 2015 ची आहे. नव्या कर्नलशी जमवून घ्यायला त्यावर ठिगळं लावतात ती डेबियनची माणसं. इंटेलचं कार्ड घेताना दोन गोष्टी बघा: सॉकेट मिनी पीसीआय एक्सप्रेसचं आहे की एम.2 चं, आणि तुमचं बायोस परकं कार्ड स्वीकारतं का. काही मॉडेलांत ठरावीक कार्डांचीच यादी असते, बाकीच्यांना मशीन सुरूच होऊ देत नाही.

तोवर एक करा, जुना कर्नल लगेच काढून टाकू नका. अपडेटनंतर वायफाय गेलं तर ग्रबच्या (मशीन सुरू होताना येणाऱ्या मेनूच्या) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून तो निवडला की निदान इंटरनेट परत येतं.