मंग काय व्हयनं? वाचून दाखवायच्या पुस्तकांबद्दल तुमचे प्रश्न

मे लागला की आपल्याकडे खानदेशात दुपारी बारा ते पाच बाहेर पाय ठेवता येत नाही, पारा पंचेचाळीसला टेकलेला, मुलं घरात कोंडलेली, त्यामुळे की काय पण या महिन्यात आलेली निम्मी पत्रं एकाच विषयावर आहेत, मुलांना काय वाचून दाखवू? त्यातली चार निवडलीत.

प्रश्न : माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. पुस्तक दिलं की तोंडात घालते. सासूबाई म्हणतात एवढ्याशा लेकराला काय वाचून दाखवतेस. खरंच उपयोग होतो का? – एक आई, पाचोरा

होतो ताई, नक्की होतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय की बाळाला अगदी जन्मापासून वाचून दाखवा. या वयात गोष्ट कळत नाही, तुमचा आवाज कळतो, आणि तोच तर पाहिजे. पुस्तक चावणं हीपण तिची वाचायचीच पद्धत आहे, म्हणून जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची पुस्तकं घ्या, एका पानावर एकच मोठं चित्र असलेली. मांजर, वाटी, चेंडू, बस. तीच चार पानं रोज तशीच म्हणा, आठवड्याभरात ती पान उलटायच्या आधीच हसायला लागेल बघा. आणि सासूबाईंना सांगा की त्यांनी पाळण्यापाशी म्हटलेली गाणीपण याच खात्यात जमा होतात, त्यांनाच पुस्तक हातात द्या ना, त्यांचा आवाज तर बाळाच्या ओळखीचाच आहे.

प्रश्न : आमच्या घरात सगळे अहिराणी बोलतात. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. पुस्तक वाचायला घेतलं की दोन ओळींनंतर उठून पळतो, पुस्तकातली मराठी त्याला परकी वाटते बहुतेक. मी अहिराणीत सांगू का? पण मग शाळेत मागे पडेल अशी भीती वाटते. – एक आई, शिरपूर

या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले, कारण हा प्रश्न खानदेशातल्या कितीतरी घरांचा आहे पण कोणी विचारत नाही. अहिराणीत सांगा. बिनधास्त सांगा. घरची भाषा पक्की असली की दुसरी भाषा तिच्यावर उभी राहते, २०२० च्या शैक्षणिक धोरणातसुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हटलंय, तेव्हा अहिराणी बोलल्याने मूल मागे पडतं ही भीती मनातून काढूनच टाका.

आता करायचं कसं ते सांगते. पहिल्या दिवशी वाचूच नका, नुसती चित्रं बघा. हाई काय शे? म्हणजे हे काय आहे, असं विचारा, त्याला बोलू द्या. यासाठी माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ फार कामाचं आहे, मोठमोठी चित्रं, माणसांनी आणि वस्तूंनी भरलेली, एकेका पानावर अर्धा तास जातो आणि ते तुम्ही कुठल्याही भाषेत ‘वाचू’ शकता. दुसऱ्या दिवशी गोष्ट अहिराणीत सांगा, पान उलटत उलटत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छापलंय तसं वाचा आणि मध्येमध्ये अडेल तिथे आपला शब्द टाका, म्हणजे ‘चिमणी घरटं बांधते’ असं वाचलं की लगेच ‘चिडी खोपा बांधस’, आणि पुढे चला. थांबून अर्थ समजावत बसू नका, गोष्टीचा धागा तुटतो. माझ्या बहिणीच्या मुलाबरोबर हे मी स्वतः केलंय, महिन्याभरात तो दोन्ही वाक्यं एकामागून एक म्हणायला लागला होता आणि पान उलटायला उशीर झाला की ‘मंग काय व्हयनं?’ म्हणून हात ओढायचा. मूल असं विचारायला लागलं ना, की समजा जमलं.

पुस्तक कोणतं? त्याच्या घरासारखं घर ज्यात आहे ते. पुरंदरे यांचाच ‘राधाचं घर’ हा संच ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलाय, त्यात एका छोट्या मुलीच्या घरातली माणसं आहेत, वाक्यं छोटी आणि बोलल्यासारखी, जिभेवर अडखळत नाहीत. हे मात्र बघाच. कोणतंही पुस्तक विकत घेण्याआधी दुकानातच एक पान मोठ्याने वाचून बघा, तुमचा श्वास मध्येच संपत असेल किंवा ‘तद्नंतर’, ‘परंतु’ असे शब्द दर ओळीत येत असतील तर ठेवून द्या, चित्रं कितीही चकचकीत असली तरी. कव्हरवर ‘वय ३ ते ६’ लिहिलेलं असतं त्यापेक्षा ही परीक्षा खरी.

आणि अखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची झोक्यावरची गाणी, भुलाबाईची गाणी, ती विसरू नका. यमक आणि ताल यांची सवय कानाला तिथेच लागते.

प्रश्न : नात सात वर्षांची, दुसरीत गेली. आता तिला वाचता येतं म्हणून सून म्हणते तिचं तिला वाचू द्या, तुम्ही वाचून दाखवत जाऊ नका, सवय बिघडेल. – एक आजी, यावल

आजी, वाचणं बंद करू नका, हात जोडून सांगते. सात वर्षांचं मूल स्वतः जेवढं वाचू शकतं त्याच्या कितीतरी पुढचं ऐकून समजू शकतं. स्वतः वाचताना तिची निम्मी शक्ती जोडाक्षरात जाते, ऐकताना सगळी शक्ती गोष्टीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर गोष्टींना एक ते चार पातळ्या दिल्यात, मराठीतही आहेत आणि फुकट आहेत, पण त्या पातळ्या मुलाने स्वतः वाचण्यासाठी आहेत. तुम्ही वाचून दाखवणार असाल तर बिनधास्त एक-दोन पातळ्या वरची गोष्ट घ्या. तिने तिचं पहिल्या पातळीचं पुस्तक वाचावं, तुम्ही रात्री तिसऱ्या पातळीचं वाचावं, दोघींचं भांडणच नाही.

नव्यापैकी म्हणाल तर एकनाथ आव्हाड यांचा ‘छंद देई आनंद’ हा बालकवितांचा संग्रह घ्या, त्याला २०२३ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आहे. कविता एक तुम्ही म्हणा, एक तिला म्हणू द्या. संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला २०२२ चा मिळालाय, ते थोडं थांबून, आठ-नऊला. आणि तुम्ही यावलच्या, तेव्हा बहिणाबाई तर तुमच्या घरच्याच. त्यांना लिहिता येत नव्हतं, गाणी तोंडानेच म्हटलेली, मुलाने आणि नात्यातल्यांनी उतरवून घेतली आणि १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. म्हणजे ती कानासाठीच जन्मली. ती बोली तुमच्या तोंडी जशी येईल तशी शहरातल्या कुठल्या मॅडमला येणार नाही, तुम्हीच म्हणून दाखवा.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा, मोबाइल सोडत नाही. वाचून दाखवायला बसलो तर म्हणतो मी काय बाळ आहे का. – एक वडील, भुसावळ

दादा, त्याला ‘ये, वाचून दाखवतो’ असं म्हणूच नका. रात्री गच्चीवर अंथरुणं टाकली की स्वतःसाठी म्हणून मोठ्याने वाचायला लागा. ‘तोत्तोचान’ने सुरुवात करा, नॅशनल बुक ट्रस्टचं आहे, स्वस्त आहे, प्रकरणं दोन-तीन पानांचीच. जपानमधली खरी शाळा, जिचे वर्ग रेल्वेच्या डब्यांत भरायचे, भुसावळच्या पोराला हे ऐकून कान टवकारायलाच पाहिजेत. आणि तिथले मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी छोट्या तोत्तोचानचं बोलणं चार तास ऐकत बसतात, ते प्रकरण बापलेकाने मिळून ऐकण्यासारखं आहे.

त्याला थरार हवा असेल तर भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’, २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार हिलाच. रोज एकच प्रकरण, आणि शक्यतो ऐन रंगात असताना पुस्तक मिटायचं. चिडेल, चिडू द्या. सकाळी पुस्तक उशाशी राहिलेलं असू द्या, पुढचं त्याने गुपचूप वाचलं तर तुम्ही विचारू नका.

पैशांची अडचण असेल त्यांच्यासाठी, बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट वाचायला ठेवलेत. वडिलांनी लहानपणी वाचलेला अंक शोधून काढा, तोच मुलाला वाचून दाखवा. पुढे गणपतीच्या सुट्टीतल्या पुस्तकांचे प्रश्न घेऊ, पत्रं आत्तापासूनच पाठवा, मुलाचं वय आणि घरात कोणती बोली बोलता ते मात्र नक्की लिहा.