जुनी फोर बाय फोर जिप्सी घेताना बॉडी किती टिकेल हे कसं ओळखायचं?

वरचा रंग बघूच नका, तो कोणीही मारून देतो. जिप्सीची बॉडी शिडीसारख्या चासीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) बसवलेली असते, त्यामुळे पत्रा बदलता येतो. चासी सडली तर मात्र गाडी सोडा. गाडी रॅम्पवर घ्या, मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या जिथे चासीला बसतात तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणटण वाजलं तर ठीक, भद्द आवाज आला किंवा खपल्या पडल्या तर परत फिरा. खालून ताजा काळा कोट मारलेला दिसला की माझा संशय वाढतो. मॅट उचलून फ्लोअर बघा. पत्र्याला लोहचुंबक चिकटला नाही, तर आत पुट्टी. एमएच ०८ (रत्नागिरी) किंवा गोव्याची गाडी असेल तर खाऱ्या हवेमुळे दुप्पट तपासा.