बरं वाटलं तर केस जाईल का?

"मॅडम, जरा बरं वाटायला लागलं तर केस जाईल का हो?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की विचारणारा खुर्चीत कसा बसतो त्यावरूनच तो येणार हे कळतं. कधी गोदामातला हमाल, कधी कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, कधी दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेली बाई. मान कामावर दुखावलेली आणि नुकसानभरपाईचं घोडं कुठेतरी अडलेलं. हात मोडला तर तो प्लॅस्टरमध्ये सगळ्यांना दिसतो. मानेचं तसं नाही. एक्स-रे पुष्कळदा साफ येतो, माणूस वरून धडधाकट, आणि मालकापासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांच्या नजरेत एकच शंका. कायदा सांगायला वकील असतो. त्या नजरेचं काय करायचं, हे विचारायला माणसं माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येतात.

तानाजीरावांची गोष्ट सांगते. नाव बदललंय, एखाद-दुसरा तपशील इतरांच्या गोष्टीतून उसना घेतलाय.

इचलकरंजीत चोवीस मागांचा कारखाना, दोन्ही पाळ्या धरून आठ माणसं. तानाजीराव तिथे जॉबर. माग बिघडला की दुरुस्त करायचा, बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड रूळ, संपलं की नवं चढवायचं. असंच एक भरलेलं बीम उचलताना पुढच्या माणसाचा पाय तेलावरून सरकला, सगळा भार यांच्या खांद्यावर आला आणि मान एका बाजूला हिसकली. त्या वेळी नुसती चमक आली. चार दिवसांनी उजवा अंगठा आणि शेजारचं बोट बधिर. मानेच्या मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेल्याचं एमआरआयमध्ये दिसलं.

जॉबरचा अंगठा बधिर होणं म्हणजे काय, ते त्यांनीच मला दाखवलं. माझ्या फाइलची दोरी उसवलेली होती. तिचे दोन धागे त्यांनी ओढून काढले आणि गाठ मारायला घेतली. तीनदा धागा चिमटीतून निसटला. "डोळं मिटून मारत हुतो गाठ. आता धागा बोटांत हाय का पडला, ते बघावं लागतंय."

पहिल्या दोन भेटींत मी चुकले. मी राग शोधत बसले. मालकाचा राग येत नाही का, असं आडून-आडून विचारलं. "कशाला यील? पोरीच्या कॉलेजची फी त्यांनी भरलीया." मग मी दुखणं स्वीकारण्याबद्दल बोलले. चांगलं बोलले असणार, कारण ते अगदी आदरानं "व्हय मॅडम" म्हणाले आणि पुढचे तीन आठवडे फिरकले नाहीत. आमच्या व्यवसायात ‘व्हय मॅडम’इतकं धोक्याचं वाक्य नाही.

तीन आठवड्यांनी आले ते बायकोसोबत.

"मी सांगतो मॅडम," वहिनी म्हणाल्या. (आमच्याकडे बायकाही ‘सांगतो’च म्हणतात.) "गुरवारचं भजन सोडलंय ह्यांनी. टाळ वाजवताना कुणी बघितलं तर म्हणतील, तानाजी बरा झाला. घरात मानंचा पट्टा काढून ठेवत्यात आणि कडी वाजली की गडबडीनं घालत्यात. परवा पोस्टमन आला, तर त्याच्यासाठीबी घातला."

मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही. तानाजीरावही हसले. हसता हसता त्यांचा हात मानेवर गेला.

"आत्ता दुखलं?"

"न्हाई."

"मग हात का गेला?"

खोलीतला पंखा ऐकू यावा इतकी शांतता झाली. अशा वेळी समुपदेशकानं फक्त गप्प बसायचं असतं. ते शिकायला मला दहा वर्षं लागली.

"मॅडम, पयल्या कागदावर खोटं हाय."

अपघाताच्या दिवशी दवाखान्यात मालकाचा पुतण्या बरोबर होता. कसं लागलं, असं काउंटरवर विचारल्यावर तोच म्हणाला, "घरी जिन्यावरून पडले." केसपेपरवर तसंच उतरलं. "मी शेजारीच हुबा हुतो. गप बसलो."

माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल त्यानं मनात लिहून ठेवलेलं वाक्य जास्त छळतं, या विचारात मी वाढले आणि आजही माझं काम त्यावरच चालतं. पण ते वाक्य मी चुकीच्या पानावर शोधत होते. ‘माझं दुखणं कुणाला कळत नाही’ हे वरचं वाक्य. खाली लिहिलेलं होतं, ‘मी एकदा खोट्याला साथ दिली, आता माझं खरंसुद्धा खोटंच ठरणार.’ म्हणून हा माणूस रोज पुरावा तयार करत होता, पोस्टमनलासुद्धा. आणि सतत पट्टा घालून, मान जपून, हालचाल टाळून मानेचे स्नायू आणखी दुबळे करून घेत होता. फिजिओथेरपिस्टनं पट्टा फक्त प्रवासात घालायला सांगितला होता!

"टाळ केवढा असतो?" मी विचारलं.

"असंल पाव-अर्धा किलोचा."

"आणि बीम?"

ते नुसतेच हसले.

"मालक पगार कशाचा द्यायचे? टाळाचा?"

"बीमाचा. मागाचा."

"मग भजनात टाळ वाजला, तर बीम उचलायची ताकद परत आली असं होतं का?"

त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी माझ्याकडे. मग तानाजीराव हळूच म्हणाले, "म्हंजे, मी हसलो तर चालतंय."

ते वाक्य मी त्याच दिवशी वहीत तारीख घालून लिहून ठेवलं. इतक्या वर्षांत अशी वाक्यं बोटांवर मोजण्याइतकीच मिळाली आहेत.

वकिलांकडून मी खात्री करून घेतली, आणि हे प्रत्येकानं समजून घ्यावं: कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 माणूस किती दुःखी दिसतो ते मोजत नाही. कमाई करण्याची क्षमता किती टक्के गेली, ते मोजतो आणि ते प्रमाण पात्र डॉक्टर ठरवतात. शरीराच्या अपंगत्वाचा टक्का आणि कमाईचा टक्का एकच असेल असंही नाही. तीच मान दुखावलेला कारकून उद्या टेबलावर बसू शकेल, जॉबर बीमाखाली जाऊ शकणार नाही.

तानाजीरावांचं वय 40, पगार 18,000. त्या कायद्यात महिन्याला जास्तीत जास्त 15,000 धरायचे. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, त्याला वय 40 चा गुणक 184.17. पूर्ण क्षमता गेली असती तर 16,57,530 रुपये झाले असते. डॉक्टरांनी 30 टक्के धरले तर 4,97,259. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा ते म्हणाले, "ह्यात कुठं रडायचा रकाना न्हाई की!"

राहिला तो केसपेपर. एक चुकीची नोंद असली म्हणून सगळं संपत नाही, पण तिला उत्तर लागतं. कांड्या भरणाऱ्या मावशींनी अपघात समोर पाहिला होता. पुढच्या डॉक्टरांना तानाजीरावांनी खरं सांगितलं आणि तसं लिहूनही घेतलं. पगार फोनवरून खात्यात येत होता, त्या नोंदी काढल्या. मालकाला लेखी कळवलं. हे पत्र लिहायला दोन भेटी गेल्या, कारण ‘अण्णांना’ असं कागदावर लिहायचं म्हणजे त्यांना खाल्ल्या मिठाला बेइमान झाल्यासारखं वाटत होतं. मी एवढंच विचारलं, "अण्णांच्या कारखान्याला आग लागली तर ते विमा कंपनीकडे मागणार की नाही? तेव्हा ते बेइमान ठरतात का?" कामगारांच्या अपघाताचाही विमा मालकाला उतरवता येतो. अण्णांनी उतरवला नव्हता, हा त्यांचा निष्काळजीपणा, दुष्टपणा नव्हे.

पुतण्यानं मात्र एक कागद पुढे केला होता: ‘दवाखान्याचा खर्च मिळाला, आता काही मागणार नाही.’ तानाजीरावांनी सही केली नाही. केली असती तरी या कायद्यापुढे तसा करार टिकत नाही. तडजोड जरूर करावी, पण ती नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवून. अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षं. पैसे देय झाल्यावर महिन्याच्या आत मिळाले नाहीत तर वर्षाला 12 टक्के व्याज लागतं. तुमच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत असतील, तर हा रस्ता तुमचा नाही, त्यांच्या कार्यालयात जायचं. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे. तानाजीरावांचा अपघात त्याआधीचा. तुमचा नंतरचा असेल, तर वकिलांना त्या संहितेप्रमाणे विचारा.

पुढे काय झालं, असं लोक विचारतातच. तडजोड झाली, नोंदवली गेली. आकडा सांगायला त्यांनी मनाई केलीय. आता ते ओळखीच्या एका कारखान्यात कापड तपासायचं काम करतात. अंगठा अजून पुरता जागा झालेला नाही.

टक्केवारीच्या दाखल्यासाठी मिरजेला डॉक्टरांकडे जायचं होतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता.

"मॅडम, उद्या पट्टा घालू का?"

"डॉक्टरांनी कधी घालायला सांगितलाय?"

"प्रवासात."

"मग एसटीत घाला."

"आणि दवाखान्यात शिरताना?"

मी काहीच बोलले नाही. पलीकडे थोडा वेळ नुसता रस्त्याचा आवाज येत होता.

"पिशवीत ठेवतो," ते म्हणाले. "येताना परत एसटी हाईच की."