'प्रोत्साहन' लिहावं की 'उत्तेजन', 'सवलत' की 'परतावा'?

प्रश्न एका उद्योजक संघटनेचं मराठी पत्रक तयार करणाऱ्यांचा आहे. कारखान्यांनी कमी प्रदूषण करणारी उत्पादनपद्धत स्वीकारावी म्हणून सरकार आणि बँका जे जे देतात, त्या सगळ्याला 'प्रोत्साहन' म्हटलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय. एका सभासदाला 'उत्तेजन' हवंय, दुसऱ्यांना 'अनुदान'. 'सवलत' आणि 'परतावा' तर मसुद्यात एकमेकांच्या जागी सर्रास आलेत. शिवाय 'ग्रीन लोन' हे हिरवं कर्ज की हरित कर्ज, आणि 'क्लीनर प्रॉडक्शन'ला 'स्वच्छ उत्पादन' म्हटलं तर बरोबर का, हेही प्रश्न आहेत.

मथळ्यात 'प्रोत्साहन' खुशाल लिहा. मजकुरात मात्र त्यावर भागवू नका, कारण पत्रक वाचणाऱ्या कारखानदाराला दोनच गोष्टी हव्या असतात: पैसे कोण देणार आणि कधी देणार. या दोन्हींबद्दल 'प्रोत्साहन' काहीच सांगत नाही. बाकीचे शब्द सांगतात, फक्त ते आपापल्या जागी वापरायला हवेत.

आधी 'उत्तेजन'. शब्द जुना आणि खानदानी आहे. मुळात 'तिज्' धातू, म्हणजे धार लावणे. 'तीक्ष्ण' आणि 'तेज' त्याच घरातले. एकोणिसाव्या शतकात पुण्यात वेदशास्त्रोत्तेजक सभा निघाली, पुढे ग्रंथोत्तेजक संस्था निघाली, तेव्हा या शब्दाला मान होता. आज 'उत्तेजक' म्हटलं की खेळाडूंची डोपिंग चाचणी आठवते, आणि 'उत्तेजनार्थ' म्हटलं की शाळेच्या स्पर्धेतलं पहिल्या तिघांत न आलेल्याचं बक्षीस. सरकारच्या काही योजनांची रक्कम पाहता 'उत्तेजनार्थ' हाच शब्द नेमका बसतो, पण संघटनेच्या पत्रकात हा टोमणा नको. 'उत्तेजन' सोडून द्या.

'प्रोत्साहना'त 'उत्साह' आहे आणि 'उत्साहा'त 'सह्' धातू आहे: सोसणे, पेलणे, समर्थ असणे. आजच्या वापरात पाठीवर थाप मारण्याचा अर्थ उरलाय, पण मुळाशी पेलण्याची ताकद आहे. महाराष्ट्र शासनाने हा शब्द अधिकृत करून टाकलाय. उद्योगांसाठीची 'पॅकेज स्कीम ऑफ इन्सेन्टिव्हज' १९६४ पासून चालू आहे आणि तिचं मराठी नाव 'सामूहिक प्रोत्साहन योजना'. यातला 'सामूहिक' मला कायम खटकतो. वाचणाऱ्याला वाटतं, दहा कारखाने एकत्र आले तर मिळणार. प्रत्यक्षात समूह सवलतींचा आहे, कारखान्यांचा नाही. 'एकत्रित' म्हटलं असतं तरी भागलं असतं. ही योजना मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर उद्योग न्यावेत म्हणून निघाली, त्यामुळे तिचं माप मुख्यतः तालुका कोणत्या गटात मोडतो आणि गुंतवणूक किती, यावर ठरतं. मोठा लाभ राज्याच्या जीएसटीतून परत मिळणाऱ्या रकमेचा. म्हणजे पत्रकात 'शासनाचं प्रोत्साहन' असं मोघम लिहिलंत, तर सभासद याच योजनेचा अर्ज मागायला येतील आणि तुम्हाला सांगायचं होतं भलतंच. तेव्हा योजनेचं नाव असेल तिथेच 'प्रोत्साहन'.

आता 'सवलत' आणि 'परतावा'. घोटाळा खरा इथे आहे.

'सवलत' आली अरबी-फारसी 'सहूलत'वरून. अर्थ सोपेपणा, सोय. म्हणजे जे आधीच हलकं करून दिलं जातं ते. 'परतावा' म्हणजे आधी पूर्ण भरायचं, मग मागाहून मिळवायचं. व्याजाच्या बाबतीत हा फरक कागदावर दोन अक्षरांचा आणि कारखानदाराच्या कॅश क्रेडिट खात्यावर (रोजच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जखात्यावर) कित्येक महिन्यांचा असतो. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या योजनेचं नाव 'व्याज परतावा योजना' आहे आणि ते चोख आहे: कर्जदार हप्ता भरतो, त्यातलं व्याज नंतर त्याच्या खात्यात येतं. तिथे 'व्याज सवलत' लिहिलं असतं तर लोकांची फसगत झाली असती. 'परतावा'ची एक अडचण मात्र आहे. गुंतवणुकीवरच्या कमाईलाही आपण परतावाच म्हणतो. 'सांडपाणी प्रकल्पावर व्याज परतावा मिळेल' हे वाक्य वाचून एखाद्याला वाटायचं की प्रकल्पच व्याज देणार आहे. म्हणून 'भरलेल्या व्याजाचा परतावा' असं तीन शब्दांत लिहा. शाई जास्त लागत नाही.

साखर कारखान्यांचं उदाहरण घेतो, कारण त्यात हे सगळे शब्द एका जागी भेटतात. मळीपासून अल्कोहोल काढलं की एका लिटरमागे साधारण आठ ते पंधरा लिटर गडद तपकिरी, उग्र वासाचं पाणी निघतं. डिस्टिलरीत त्याला 'स्पेंट वॉश' म्हणतात, गावात 'मळीचं पाणी'. ते ओढ्यात गेलं की मासे मरतात आणि विहिरी लाल होतात, हे नदीकाठच्या गावांना सांगायला नको. २०१८ साली केंद्राने इथेनॉलसाठी कर्जावरची योजना आणली, तिच्यात डिस्टिलरी उभारण्या-वाढवण्याबरोबर हे पाणी जाळणारा इनसिनरेशन बॉयलर, किंवा एक थेंबही बाहेर जाऊ न देणारी दुसरी मान्य पद्धत, यासाठीचं कर्जही बसत होतं. बँकेच्या व्याजापैकी वार्षिक ६ टक्के किंवा एकूण व्याजाच्या निम्मे, यांत जे कमी असेल तेवढा भार केंद्राने उचलायचा, पाच वर्षं, त्यात पहिलं वर्ष मुद्दल न फेडण्याचं. बँकेचा दर १० टक्के असेल तर केंद्राचे ५, दर १३ असेल तर साडेसहा नव्हे, ६च.

याला काय म्हणायचं? मसुद्यात 'व्याज अनुदान' आलंय आणि मला ते पटतं. देणारं सरकार, घेणारा कारखाना, मध्ये बँक. बँकेने स्वतःच्या खिशातून काहीच सोडलेलं नाही. बँक स्वतःचा दर उतरवते, तेव्हा 'व्याज सवलत'. सरकार तिच्या दराचा काही भाग भरतं, तेव्हा 'व्याज अनुदान'. कर्जदार आधी भरून मागतो, तेव्हा 'व्याजाचा परतावा'. तीन वेगळे व्यवहार, तीन शब्द, आणि तिन्ही मराठीत आधीपासून आहेत.

त्या बॉयलरचं पुढे काय होतं तेही सांगतो, कारण तिथे शब्दच बदलतो. स्पेंट वॉश आधी आटवून दाट करतात, मग बगॅस (उसाचं चिपाड) किंवा कोळशाच्या जोडीने जाळतात. वाफ मिळते, वीज मिळते आणि उरते पालाशयुक्त राख. त्या राखेपासून बनलेल्या ०-०-१४.५ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) या खताला २०२१ पासून केंद्राच्या खत अनुदान योजनेत जागा मिळाली. काल जे सांडपाणी होतं त्याचं आज पोतं शिवून विकलं जातं. म्हणून 'सांडपाणी व्यवस्थापन' या मथळ्याखाली हे लिहू नका, 'उपपदार्थ' म्हणा.

पण एक गोष्ट अशी आहे की तिथे अनुदानही कामाचं नाही, सवलतही नाही. लहान रंगाई कारखान्याने किंवा प्लेटिंगवाल्याने ईटीपीसाठी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पासाठी, कर्ज मागितलं की बँक विचारते, तारण काय? 'तारण' हा शब्दच 'तारणे'वरून आलाय: कर्ज बुडालं तर बँकेला तारणारी वस्तू. लेथ मशिन जप्त केलं तर गिऱ्हाईक मिळतं. सिमेंटच्या टाक्या, गाळ सुकवायचे वाफे आणि त्या एका कारखान्याच्या मापाने टाकलेली पाइपलाइन कोण घेणार? ईटीपी बँकेला तारत नाही. मग व्याजदर निम्मा करा की शून्य करा, कर्जच मंजूर नाही तर दर कशाला? तिथे शब्द लागतो 'हमी'. सिडबी (लघु उद्योगांसाठीची सरकारी विकास बँक) आणि केंद्र सरकार यांनी २००० साली सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी उभारलेला पत हमी न्यास हेच करतो: तारण नसलं तरी कर्ज द्या, बुडालं तर ठरलेला हिस्सा आम्ही सोसू. इथे सरकार आज एक पैसा देत नाही, जोखीम घेते. माझ्या मते लहान कारखान्यांच्या बाबतीत सगळ्यात उपयोगाचा हाच प्रकार आहे आणि तुमच्या मसुद्यात नेमका त्याला एकही ओळ नाही.

'हमी' मात्र दुधारी शब्द आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखाना चालवायचं संमतिपत्र देताना (औद्योगिक वसाहतीत सगळे 'कन्सेंट'च म्हणतात) कारखान्याकडून बँक हमी घेतं आणि अटी पाळल्या नाहीत तर ती जप्त करतं. पहिल्या हमीत जोखीम सरकारची, दुसऱ्या हमीत मान कारखानदाराची. पत्रकात पहिलीला 'पतहमी' आणि दुसरीला 'बँक हमी' असंच लिहा, नुसतं 'हमी' नको. आणि दुसरीला 'प्रोत्साहना'त घालू नका. तो धाक आहे. धाक वाईट असतो असं नाही, पण त्याला धाकच म्हणावं.

याच ओघात कुणीतरी मसुद्यात 'गाजर आणि काठी' लिहिलंय. काढा. मराठीत गाजर दाखवतात ते फसवायला, आणि आपलं स्वतःचं गाजर पुंगीचं आहे: वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. योजनेला अर्ज टाकणाऱ्याच्या मनःस्थितीचं ते उत्तम वर्णन आहे, धोरणाचं नाही.

आपल्या जुन्या महसुली मराठीत या बाबतीत आजच्यापेक्षा जास्त नेमकेपणा होता. दोनच शब्द सांगतो. 'तगाई': विहीर, बैल, बियाणं यासाठी सरकारने रयतेला दिलेलं आगाऊ कर्ज. अरबी मुळाचा अर्थ बळ देणे. म्हणजे 'प्रोत्साहना'च्या मुळातलं पेलण्याचं बळ आणि हे बळ एकच, फक्त तगाईत ते रोख होतं आणि परत करायचं होतं. दुसरा 'इस्तावा'. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला इस्ताव्याचा कौल, म्हणजे सरकारचं वचन, मिळे: पहिली वर्षं नाममात्र सारा, मग दरवर्षी थोडा चढता, आणि ठरलेल्या मुदतीनंतर पूर्ण. नवं काम सुरू करणाऱ्याला दम घ्यायला वेळ द्यायचा, पण शेवटी पूर्ण सारा येणार हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं. इंग्रजीत याला चार-पाच शब्दांची मोळी लागते.

पर्यावरणाच्या करांना हा शब्द चपखल बसला असता. कोळशावरचा स्वच्छ ऊर्जा उपकर २०१० साली टनाला ५० रुपये होता, २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. चढ अगदी इस्ताव्यासारखी, फक्त कौल नव्हता: पुढच्या वर्षी किती हे कारखानदाराला अर्थसंकल्पाच्या दिवशी कळायचं. २०१७ मध्ये तो जीएसटीच्या भरपाई उपकरात विरघळला. (आणि 'उपकर' लिहिताना काना तपासा, एका कान्याने कराचा उपकार होतो.) 'इस्तावा' आज पत्रकात घाला असं मी म्हणत नाही, कुणाला कळणार नाही. 'टप्प्याटप्प्याने वाढणारा आणि आधी जाहीर केलेला दर' असं लिहा.

'सवलती'चा मूळ अर्थ, सोपेपणा, कुठे शिल्लक आहे तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या रंगांत. २०१६ पासून उद्योगांना प्रदूषण निर्देशांकावरून रंग मिळतात: २०१६च्या वर्गवारीत ६० आणि वर लाल, मग नारिंगी, हिरवा, आणि २०पर्यंत पांढरा असा हिशेब होता; २०२५ मध्ये ही मापं बदलली. पांढऱ्याला संमतिपत्राची गरज नाही, नुसतं कळवलं की झालं. यात सरकारचा पैसा कुठेच नाही, पण फेऱ्या वाचतात. ही अस्सल सवलत. सुरतेत २०१९ मध्ये चिमण्यांतून निघणाऱ्या धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार सुरू झाला, ज्याचा धूर कमी त्याने उरलेला कोटा विकायचा. त्या पैशाला ना अनुदान म्हणता येईल ना सवलत, ती सरळ कमाई आहे. आणि महाराष्ट्राच्या मंडळाने २०१७ मध्ये चिमण्यांतल्या धुराच्या मोजणीवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन यादी जाहीर करायला सुरुवात केली, तिथे तर फक्त नाव होणं किंवा नाव जाणं आहे.

उरले दोन छोटे प्रश्न. 'स्वच्छ उत्पादन' शक्यतो टाळा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९८९ पासून ही कल्पना पुढे आणली, तिचा गाभा असा की घाण तयार झाल्यावर धुण्यापेक्षा ती मुळात कमी होईल अशी प्रक्रिया घ्यावी. रंगाईचं मशिनच कमी पाण्याचं घ्यावं. मराठीत 'स्वच्छ उत्पादन' म्हटलं की कृषी खात्याचं 'स्वच्छ दूध उत्पादन' आठवतं, म्हणजे हात धुणे आणि कास पुसणे. 'स्वच्छतर' व्याकरणाने बरोबर आहे पण कुणी बोलत नाही. 'कमी प्रदूषणाची उत्पादनपद्धत' लिहा.

आणि कर्ज 'हरित'च. रिझर्व्ह बँकेच्या २०२३च्या चौकटीतल्या ठेवी 'हरित ठेवी', केंद्राचे रोखे 'हरित रोखे', मग कर्जही त्याच पंक्तीत बसू दे. 'हिरवं कर्ज' ऐकायला चुकीचं नाही, पण त्यावरून विशेषण करायला गेलात की 'हिरवट' होतं, आणि हिरवट म्हाताऱ्याला कुठली बँक दारात उभं करणार? नुसताच पर्यावरणाचा आव आणण्याला, ज्याला 'ग्रीनवॉशिंग' म्हणतात, माझी सूचना 'हिरवा मुलामा'. मुलामा हा शब्द सोनारांकडे अजून जिवंत आहे आणि खाली पितळ आहे हे तो न सांगता सांगतो.