सेवा चालू, प्रार्थना बंद?

प्रश्न: ताई, मी भांडुपची. चर्चच्या ग्रुपबरोबर दर शनिवारी परळला टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर राहणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना खिचडी वाटते. पण आता आठवडाभर त्याचेच फोन, तांदूळ, डबे, आणि रात्री बायबल उघडलं की दोन ओळींत डोळा लागतो, आतून कोरडं कोरडं वाटतं. सेवा सोडू का?

उत्तर: अगं सेवा नको, फोन सोड थोडा! मार्क १:३५ काढून बघ, आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी लोटलेलं, येशूने कितीतरी आजारी बरे केले आणि तरी पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, शिष्य शोधत आले की सगळे तुम्हाला शोधतायत, तर म्हणाला चला दुसऱ्या गावांत जाऊ. म्हणजे दाराशी लोक असतानाही तो निघाला, हे आपण सोयीने विसरतो. मदर तेरेसांच्या सिस्टर्सपण रोज तासभर आराधनेला बसतात, त्यांना काय कामं कमी असतात? तू रात्रीचं वाचन सकाळी आण, स्लो लोकलमध्ये विंडो सीट नाही मिळाली तरी स्तोत्र २३ पाठ असेल तेवढं मनात म्हण. तांदळाचा हिशेब दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घाल. आणि एखाद्या शनिवारी वाढायचं सोडून फुटपाथवरच्या एखाद्या आजीशेजारी नुसती बस.