पदर येणे, पदर लागणे: हा साडीचाच पदर का?

प्रश्न असा आलाय की आजी, आई, नात अशा तीन पिढ्यांच्या कादंबरीत आजी एका ठिकाणी म्हणते "पोरीला पदर आला", पुढं लग्नाच्या बोलणीत चुलता म्हणतो "त्यांचा आमचा पदर लागत नाही", आणि आजीच्या इरकली लुगड्याचा पदर तर पानापानावर येतो, मग हे सगळे पदर एकच का, आणि त्याला प्रतीक म्हणायचं का.

पहिलं सोपंय ताई. पदर आला म्हणजे मुलगी वयात आली, पहिली पाळी आली. न्हाण आलं, शहाणी झाली असंही म्हणायचे. परकर-पोलकं सुटून अंगावर साडी यायची ती त्याच वयात, म्हणून सगळा बदल पदरावर सांगून मोकळे. ही लक्षणा झाली, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याला चिकटलेला अर्थ घेणं, प्रतीक नव्हे.

पदर लागणे मात्र नीट बघण्यासारखं आहे. सोयरीक जुळवताना म्हातारी माणसं विचारतात, पदर लागतो का? म्हणजे आधीच्या लग्नांतून त्या घराशी आपलं नातं कुठं पोचतंय का. मग सुरू होतं, यांची आत्या त्यांच्या भावकीत दिलेली, तिची नणंद आपल्या मामांकडं आलेली. गंमत बघा, वंशावळीच्या कागदावर बायकांची नावं बहुतेक वेळा नसतातच, आणि पदर लावायला बसले की सगळी वाट बायकांतूनच जाते! बोलणारा चुलता, निर्णय पुरुषांचा, पण पुरावा कोण तर दिल्या-आणलेल्या लेकीसुना. मला तर वाटतं लेखिकेनं हे वाक्य मुद्दाम चुलत्याच्या तोंडी घातलंय.

आता इरकलचं. इळकल गाव कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात, पण सोलापूरकडच्या जुन्या बायकांच्या अंगावर हे लुगडं हमखास दिसायचं. त्याच्या विणकामाची खासियत अशी की अंगाचा ताणा, म्हणजे मागावर लावलेले उभे धागे, वेगळा आणि पदराचा वेगळा. पदराचा लाल रेशमी ताणा अंगाच्या ताण्याला फासात फास अडकवून जोडतात आणि मग पुढं विणतात, टोपे तेणी म्हणतात त्याला. जोड उलट्या बाजूनं निरखून बघितली तर कळते. म्हणजे ह्या लुगड्यात पदर बाहेरून येतो, वेगळ्या जातीचा धागा असतो, आणि तरी मिरवायचा भाग तोच. परक्या घरातून येऊन त्या घराची ओळख झालेल्या आजीला दुसरं कुठलं लुगडं नेसवलं असतं तर एवढं बसलं नसतं. इथं मात्र प्रतीक म्हणा खुशाल.

एक सांगतो, पदर म्हणजे लाज, मर्यादा एवढंच धरून वाचू नका, समीक्षेत तेच जास्त लिहितात. पदर शब्दाबरोबर क्रियापद कुठलं येतंय त्यावर पेनानं खूण करत जा. पसरला तर मागणं, खोचला तर काम किंवा भांडण, पदराला गाठ मारली तर तिचा स्वतःचा पैसा. आमच्याकडं विडी वळणाऱ्या बायका मजुरीच्या नोटा घडी करून पदराच्या टोकाला बांधायच्या आणि ती गाठ सोडायला घरातल्या दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. "पदरचे पैसे" हे तिथं अक्षरशः खरं असायचं.

आणि हे फक्त मराठीत नाही ओ. सोलापुरात कन्नड, तेलुगू रोज कानावर पडते म्हणून सांगतो, कन्नडमधे पदराला सेरगु, आणि सेरगोड्डी म्हणजे आपलं पदर पसरून. तेलुगूत कोंगु, आणि नवसाला पावणाऱ्या देवाला कोंगुबंगारम म्हणतात, पदरातलं सोनं.

नातीचं विचारलंय की ती जीन्स घालते, मग तिच्या भागात हा शब्द का. तुम्हीच टाकलेल्या उताऱ्यात ती म्हणते "मी पदरमोड करून फी भरली". कापड गेलं, गाठीतला पैसा राहिला. पदरमोड आता पुरुषही करतात, ऑफिसातही चालतो हा शब्द, पण आजीच्या गाठीनंतर शंभर पानांनी तो नातीच्या तोंडी येतो तेव्हा तो आजीकडूनच आलेला असतो. पुढच्या भागात आई पदर खोचते की पसरते ते बघून कळवा, माझा अंदाज खोचते असा आहे.